पट्टीच्या तळाची बारीक अक्षरं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचा मुलगा डोंबिवलीला नोकरी करतो. वडील ७४ वर्षांचे. २०२३ च्या हंगामात त्यांनी वाशीच्या एका दलालाला तीन खेपा हापूस पाठवला. पहिली खेप १२ एप्रिलला गेली, शेवटची १९ मे रोजी. हिशेबात २,१०,००० रुपये यायचे राहिले. दलाल आधी ‘गणपतीत देतो’ म्हणाला, मग ‘दिवाळीत देतो’, आता फोन उचलत नाही. मुलाने मोबाईलवर वाचलं आणि व्हिडिओ पाहिले, की लहान रकमेसाठी स्मॉल क्लेम्स कोर्ट असतं, तिथे वकील लागत नाही, एक फॉर्म भरायचा आणि महिना-दोन महिन्यांत निकाल लागतो. एका चॅटबॉटकडून त्याने नोटीसही लिहून घेतली आहे. ही नोटीस पाठवून मीच केस चालवू का, आणि ऑनलाईन माहितीवर कुठवर विसंबावं, असं तो विचारतो.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोर्टांत सव्वीस वर्षं दिवाणी वकिली करते. तुमचा प्रश्न वाचून आधी कॅलेंडर उघडलं, कारण त्यातल्या तारखाच मला सगळ्यात जास्त बोचल्या. नोटीस अजून पाठवली नसेल तर तूर्त थांबा. तिच्याकडे नंतर येते.

माल उधारीवर विकला आणि पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे माल ताब्यात दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. मोजणी दिवाळीच्या वायद्यापासून होत नाही, शेवटच्या फोनपासूनही होत नाही. हे मी फेब्रुवारी २०२६ मध्ये लिहितेय. तुमच्या पहिल्या खेपेची तीन वर्षं १२ एप्रिलला भरतात. तो रविवार आहे, म्हणून सोमवारी, १३ तारखेला दाखल केलेला दावा मुदतीत धरला जाईल. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी. शेवटच्या खेपेची मुदत १९ मे रोजी संपते, आणि मे महिन्यात आमच्या कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. मुदत सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही.

आंब्याचा हंगाम आणि कोर्टाची सुट्टी कोकणात एकाच वेळी येतात, त्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी उधाऱ्यांची मुदत ऐन सुट्टीत संपते. आंब्याच्या पेट्यांसाठी लाकडी खोके पुरवणारे एक काका माझ्याकडे जूनमध्ये आले होते. कोर्ट सोमवारी उघडलं होतं, ते बुधवारी आले. पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक छापील कागद त्यांनी टेबलावर ठेवला. पुतण्याने नेटवरून काढून दिलेला. ‘पुरेसं कारण दाखवल्यास कोर्ट विलंब माफ करू शकतं’ या ओळीखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारली होती. ‘बाय, ह्यात लिवलाय ना?’ ते म्हणाले. लिहिलेलं खरंच होतं, मुदतीच्या कायद्याचं कलम ५ तसंच म्हणतं. पण ते कलम अपिलांना आणि अर्जांना लागतं, मूळ दाव्याला लागत नाही. ते त्या पानावर खाली लिहिलेलं असेलही, पण पुतण्याने पहिलंच पान छापलं होतं. काकांची ६८ हजारांची बाकी दोन दिवसांनी गेली. त्यांना हे सांगायला मला जो वेळ लागला तो अजून आठवतो.

त्या पानात चूक एकही नव्हती. ऑनलाईन माहिती चुकीचीच असते असं मला अजिबात म्हणायचं नाही. अनेकदा ती बरोबर, नीट लिहिलेली आणि फुकट असते. पण ती तुमचा कागद हातात घेत नाही, तुम्हाला उलटा प्रश्न विचारत नाही. पैसे वसुलीच्या दाव्यात निकाल ठरतो तो बहुतेक वेळा अशा एखाद्या प्रश्नावर, जो पक्षकाराला सुचलेलाच नसतो.

तुमच्याच बाबतीत पाहा. बाबांनी दलालाला आंबा विकला, की विकायला दिला? ऐकायला एकच वाटतं, पण कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर ठरवून विकला असेल तर वर सांगितलेली मुदत, खेपेखेपेने वेगळी. दलालाने बाजारात विकून स्वतःची अडत (म्हणजे कमिशन), हमाली, भाडं कापून उरलेले पैसे द्यायचे असतील, तर तो बाबांचा एजंट ठरतो, आणि एजंटाविरुद्धची मुदत हिशेब मागितला नि त्याने तो नाकारला तेव्हापासून, किंवा तसं काही झालं नसेल तर एजन्सी संपल्यापासून मोजतात. तिसरीही शक्यता आहे. दलालाने हंगामाआधी बाबांना उचल दिली होती का? फवारणीला, राखणीला, खोक्यांना दलालाकडून उचल घ्यायची आणि ती आंब्यातून फेडायची, हा आपल्याकडचा जुना रिवाज. दोन्हीकडून देणं-घेणं चालू असेल तर ते परस्पर चालू खातं मानलं जाऊ शकतं, आणि त्याची मुदत शेवटची मान्य नोंद ज्या हिशेबी वर्षात आहे ते वर्ष संपल्यापासून सुरू होते. म्हणजे एकाच व्यवहाराला मुदतीच्या तीन वेगवेगळ्या तारखा निघू शकतात. कोर्ट यातली कोणती धरेल हे कागद आणि साक्ष पाहून ठरेल. म्हणून आम्ही काय करतो, तर त्यातली सगळ्यात आधीची तारीख खरी धरून त्याच्या आत दावा लावतो. तुमच्यापुरती ती १३ एप्रिल.

तुमच्या प्रश्नात उचलीचा उल्लेख कुठेच नाही. कदाचित ती नसेलच. कदाचित बाबांनी तुम्हाला सांगितली नसेल, कारण घरात उचलीबद्दल कोणी फारसं बोलत नाही. दलालाचा वकील मात्र कैफियतीच्या, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराच्या, पहिल्या पानावर तीच घेईल: ‘वादीने अमुक रक्कम उचल घेतली, ती वजा जाता काही देणं लागत नाही.’ बाबांना शांतपणे विचारा.

आता स्मॉल क्लेम्स कोर्ट. तुम्ही जे पाहिलंत ते बहुधा परदेशातलं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा तिथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टात लावता येतो, आणि सुनावणीत वकिलाला उभंच राहू देत नाहीत. इंग्लंडमध्ये साधारण १०,००० पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी सोपी वाट आहे. आपल्याकडे नावाने जवळ जाणारं आहे ते लघुवाद न्यायालय, म्हणजे स्मॉल कॉजेस कोर्ट. मुंबईचं १८८२ च्या कायद्याखाली चालतं आणि तिथे मुख्यतः घरभाड्याचे वाद असतात. मुंबईबाहेरच्या कोर्टांसाठी १८८७ चा कायदा आहे. पण रत्नागिरीत तुम्ही जाल ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात, तिथेच जिथे शेजारच्या टेबलावर वाटपाचे आणि वहिवाटीचे दावे पडलेले असतात. भरून द्यायचा असा फॉर्म तिथे नाही. दावा लिहावा लागतो, त्यावर सत्यापन आणि शपथपत्र, कोर्ट फी, कागदांची यादी. मग समन्स. समन्स मिळाल्यापासून प्रतिवादीला कैफियत द्यायला ३० दिवस असतात, कोर्ट ते ९० पर्यंत वाढवून देऊ शकतं. पुढे मुद्दे निघतात, सरतपासाचं (म्हणजे आपल्या साक्षीदाराच्या मूळ साक्षीचं) शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद. महिना-दोन महिन्यांत हे होत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याने आपलं कोर्ट पाहिलेलं नाही.

लहान रकमेचा आपल्या कायद्यात विचार आहे, पण तो अपिलाच्या टोकाला. लघुवाद स्वरूपाच्या दाव्यात किंमत १०,००० रुपयांपर्यंत असेल तर अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर होतं, आणि वसुलीची रक्कम २५,००० पर्यंत असेल तर दुसरं अपील नाही.

व्हिडिओत पाहिलेल्या सोयीच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा म्हणजे ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर फी नाही, तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो, आणि २०१९ च्या कायद्याने स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. फ्रिज, विमा, बिल्डर, लग्नाचा हॉल यासाठी ही फार चांगली जागा आहे, आणि मी लोकांना वकिलाशिवाय तिथे पाठवते. मुदत मात्र दोनच वर्षं. पण तुमचे बाबा इथे विकणारे आहेत, ग्राहक नाहीत. ती वाट तुमची नाही.

स्वतः केस चालवता येते का? येते. दिवाणी प्रक्रिया संहितेने पक्षकाराला जातीने कोर्टात बाजू मांडायचा हक्क दिला आहे, आणि खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, त्यामुळे दावा मराठीत लिहायला काहीच अडचण नाही. पण ‘मीच’ म्हणजे कोण, हा प्रश्न उरतो. दावा बाबांचा आहे. त्यांनी मुखत्यारपत्र दिलं तर दावा दाखल करणं, तारखांना जाणं हे तुम्ही करू शकता. पण सौदा कसा ठरला, पेट्या किती गेल्या, दलाल काय म्हणाला, हे ज्याने पाहिलं त्यानेच साक्षीत सांगायचं असतं. मुखत्यार त्यांच्या जागी ती साक्ष देऊ शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच स्पष्ट केलं आहे. तुम्ही डोंबिवलीत बसून कितीही वाचलंत तरी उलटतपासाला पिंजऱ्यात ७४ वर्षांचे बाबा असणार. समोरचा वकील दलालाने दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठीबद्दल विचारेल, ‘पट्टी वाचून घेतली होती का?’ बाबांना ते अपमानास्पद वाटेल. त्यांची तयारी कोणी करून घ्यायची, याचा विचार दावा लावायच्या आधी करा. तब्येत ठीक नसेल तर घरी कमिशनर नेमून साक्ष घेण्याची तरतूद आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

आता चॅटबॉटची नोटीस. तुम्ही तिचा मजकूर दिलात ते बरं केलंत. भाषा नेटकी आहे, पण तीन जागी हात पोळेल.

पहिल्याच परिच्छेदात दलालाचा उल्लेख ‘माझे अधिकृत कमिशन एजंट’ असा आहे. हा शब्द तुमचा आहे का? बाबांनी दर ठरवून विकलं असेल तर या एका शब्दाने तुम्ही स्वतःच व्यवहाराचं रूप बदललंत. पुढे कोर्टात हीच नोटीस निशाणी लावून, म्हणजे पुराव्यात क्रमांक देऊन, समोरचा म्हणेल, वादी स्वतःच एजन्सी सांगतो, विक्री नव्हती, सगळा व्यवहार वाशीला झाला, इथल्या कोर्टाला हा दावा चालवता येत नाही.

दुसरं, २४ टक्के व्याज. कुठे ठरलं होतं? लेखी करार नसेल तर १९७८ च्या व्याजाच्या कायद्याखाली व्याज मागता येतं, पण ते साधारणपणे व्याजाची मागणी करणाऱ्या नोटिशीच्या तारखेपासून, आणि दर बँका ठेवींवर देतात त्या वरच्या दराच्या मर्यादेत. चॅटबॉटने तीन वर्षांचं २४ टक्क्यांनी व्याज १,५१,२०० काढून एकूण ३,६१,२०० मागितले आहेत. त्यावर कोर्ट फी भरावी लागेल ती तर आहेच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की रक्कम व्याजासकट तीन लाखांच्या वर गेली की दलालाचा वकील हा ‘व्यावसायिक वाद’ आहे असा मुद्दा काढू शकतो. तशा वादात तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि ती न करता लावलेला दावा फेटाळला जाऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ठरवलं. बागायतदार ‘व्यापारी’ ठरतो का यावर तुम्ही भांडू शकता, पण एप्रिल तोंडावर असताना ते भांडण ओढवून कशाला घ्यायचं?

तिसरं, ‘कलम ४२० अन्वये अटक’ ही धमकी. पैसे न देणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. सौदा करतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. अशी धमकी वाचली की समोरचा पैसे देत नाही, वकील गाठतो.

आणखी एक. या दाव्याआधी नोटीस देणं बंधनकारकच नाही. सरकारविरुद्ध दावा असेल तर दोन महिन्यांची नोटीस लागते, चेक परत आला असेल तर ३० दिवसांत नोटीस लागते. साध्या वसुलीला ती आम्ही सहसा देतो, व्याजासाठी आणि तडजोडीसाठी. पण नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत मुदत घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

नेटवरच्या तयार नमुन्यांबद्दल एवढंच सांगते, की वचनचिठ्ठीचा (प्रॉमिसरी नोटचा) नमुना उतरवून घेऊन त्यावर रेव्हेन्यू तिकीट न लावता सह्या घेतलेल्या मी अनेक पाहिल्या. इतर काही कागदांवर मुद्रांक कमी पडला तर दंड भरून तो पुराव्यात घेता येतो. वचनचिठ्ठीला ती सवलत नाही.

आता बाबांकडच्या पट्ट्या काढा. माझ्याकडे येणाऱ्या पट्ट्या सहसा एकसारख्या असतात: पातळ गुलाबी किंवा पिवळा कागद, कार्बनची निळी अक्षरं, वर देवाचं नाव, मग पेट्या, डझन, दर, खाली अडत, हमाली, तोलाई, भाडं वजा. आणि अगदी तळाला, घडीवर आलेली, एक ओळ: सर्व वाद अमुक ठिकाणच्या न्यायकक्षेत. भिंग लागेल इतकी बारीक. ती ओळ तिथे असेल तर रत्नागिरीत दावा लावायचा की तिकडे, यावर पहिला वाद होईल. ती ओळ नसेल आणि पैसे बाबांच्या रत्नागिरीच्या बँकेत जमा व्हायचे ठरले असतील, आधीच्या हंगामांत तसे झालेही असतील, तर दाव्याचं कारण अंशतः इथे घडलं असं म्हणता येतं. म्हणून पासबुकाच्या जुन्या नोंदी लागतील. मुलं मुंबईला, व्यापारी वाशीला आणि माल इथला, अशा आपल्या गावांत ‘कुठे’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक दाव्यात येतो, आणि त्याचं उत्तर कागदाच्या तळाशी असतं.

व्हॉट्सॲपबद्दल. दलालाचे ‘दिवाळीत देतो’चे मेसेज आहेत म्हणता. मुदत नव्याने सुरू व्हायला देणं मान्य असल्याचं लेखी आणि सहीचं असावं लागतं, आणि ते जुनी मुदत संपायच्या आत दिलेलं असावं लागतं. व्हॉट्सॲपचा मेसेज सहीच्या कागदाइतका धरायचा का, यावर वाद होऊ शकतो. आवाजी निरोप तर लेखी नाहीच. गेल्या वर्षी त्याने यूपीआयने पाठवलेल्या ५,००० रुपयांनीही मुदत वाढली असं समजून निर्धास्त राहू नका, कारण हप्ता दिल्याचीही देणाऱ्याच्या हातची किंवा सहीची नोंद लागते. पुरावा म्हणून मात्र हे मेसेज मोलाचे आहेत. त्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. नेटवर अजून आधीच्या साक्ष कायद्यातल्या कलम ‘६५ ब’चे जुने नमुने फिरतात, १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला. सगळ्यात महत्त्वाचं, ज्या फोनवर मेसेज आले तो फोन जपा. नवा घेताना जुना एक्स्चेंजमध्ये देऊ नका, नातवाला गेम खेळायला देऊ नका. स्क्रीनशॉट काढून फोन विकलेल्या माणसाची बाजू सावरणं फार कठीण जातं.

दलाल फोन उचलत नसला तरी समोरासमोर बोलत असेल तर या सगळ्यापेक्षा स्वस्त एक उपाय आहे. बाबांनी कोणाला तरी सोबत घेऊन वाशीला जावं आणि पट्टीच्या मागे त्याच्या हातून लिहून घ्यावं: ‘आज रोजी २,१०,००० रुपये बाकी मान्य’, तारीख, सही. त्या सहीपासून नवी तीन वर्षं मिळतात. पण ती सही १२ एप्रिलच्या आत हवी.

जुन्या पानांचा धोका एका उदाहरणाने सांगते. चेक परत आल्याचा खटला कुठे लावायचा, यावर सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१४ मध्ये सांगितलं की चेक देणाऱ्याची बँक जिथे आहे तिथे. २०१५ मध्ये कायदाच बदलला, आणि आता चेक खात्यात भरला असेल तर घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथे खटला लागतो. २०१४ चे लेख अजून वर येतात, आणि ते वाचून इथली माणसं उगाच मुंबईला हेलपाटे घालतात. तसंच, रत्नागिरी-सिंधुदुर्गची हायकोर्टाची कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली. त्याआधीची सगळी पानं मुंबईच सांगणार. चॅटबॉट न्यायनिवाडे सांगतो तेव्हा तर ते अस्तित्वात आहेत का इथपासून तपासा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने असे बनावट निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला होता, आणि ते तर शिकलेले वकील होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तिने झालेलं नुकसान कोणी मोजत नाही. नेटवर वाचून लोक हक्क सोडूनही देतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा कितीतरी दुकानदारांच्या उधारीच्या वह्या चिखलात गेल्या. त्यातले एक माझ्याकडे वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी आले. बोलता बोलता कळलं की त्यांची एक मोठी उधारी एका कंत्राटदाराकडे होती, पण ‘मूळ कागद नसेल तर दावा टिकत नाही’ असं वाचून त्यांनी ती सोडून दिली होती. मूळ कागद नष्ट झाला असेल तर तो नष्ट झाल्याचं सिद्ध करून दुय्यम पुरावा देता येतो. त्यांच्या मुनीमाने हिशेब तपासण्यासाठी आदल्या वर्षी वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. मुदतही संपलेली नव्हती, कारण कोविडमुळे १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळला होता. या दोन्ही गोष्टी नेटवर होत्या, पण वेगवेगळ्या पानांवर.

हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा हुकूम, मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, हे व्हिडिओत कोणी सांगत नाही. तो बजावायला वेगळी दरखास्त करावी लागते. तिला १२ वर्षांची मुदत आहे, पण जप्त काय करायचं ते तुम्हीच दाखवायचं असतं. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं राहतं घर, नांगर-बैल, स्वयंपाकाची भांडी जप्त होत नाहीत. पगारदार असला तर पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्यावरच हात टाकता येतो. तुमचा प्रतिवादी दलाल आहे: त्याचा गाळा स्वतःचा आहे की भाड्याचा, खातं कुठल्या बँकेत आहे, बाजार समितीचा परवाना आहे का, हे आत्ता शोधा. परवाना असेल तर समितीकडे लेखी तक्रारही करा. परवान्याची काळजी असलेला व्यापारी कोर्टापेक्षा तिथे लवकर बोलायला येतो.

मग नेटवर काय घ्यायचं? कायद्याचा मूळ मजकूर सरकारी संकेतस्थळावरून वाचा. दावा लागल्यावर ई-कोर्ट्सवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतःचा क्रमांक) टाकून रोजनामा (कोर्टाच्या कामकाजाची नोंद) आणि पुढची तारीख स्वतः पाहा, वकिलाच्या कारकुनाला विचारत बसू नका. कैफियत, पुरशीस, दरखास्त, निशाणी हे शब्द आधीच समजून घ्या, कोर्टात कमी बुजाल. असं वाचून आलेला पक्षकार मला आवडतो. त्याला एका तासात जे समजतं त्याला इतरांचे तीन तास जातात.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, ती कोर्टाच्या आवारातच असते. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो; स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. दलाल तयार असेल तर दावा लावण्याआधीच लोकअदालतीत तडजोड करता येईल. तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो आणि त्यावर अपील नसतं.

या महिन्यातच दोन दिवसांची रजा काढून गावी या आणि बाबांना घेऊन रत्नागिरीत कुठल्याही दिवाणी वकिलाकडे बसा. सगळ्या पट्ट्या मूळ, टेम्पोच्या पावत्या, २०२१ पासूनचं पासबुक आणि तो फोन सोबत आणा. उचलीची चिठ्ठी घरात कुठे असेल तर तीही आणा, मनाविरुद्ध असली तरी. ती आम्ही दाव्यात आधीच सांगितली तर हिशेबातली एक वजाबाकी होते. दलालाने उलटतपासात काढली, तर त्यानंतर बाबांच्या बाकीच्या शब्दांवर कोर्ट किती विश्वास ठेवेल, ते माझ्या हातात राहत नाही.